काडी मोडली, पण कागद कुणाच्या हातात? सोलापूर जिल्ह्यातील घटस्फोटाच्या नोंदींचा इतिहास

मागच्या उन्हाळ्यात रविवारची वंदना झाल्यावर मोहोळ तालुक्यातली एक मावशी विहारात मागे थांबली. वय साठीच्या पुढे. तिने पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला एक कागद काढला. झेरॉक्सची झेरॉक्स, अक्षरे निम्मी उडालेली. स्टॅम्प पेपरवर लिहिलेली सोडचिठ्ठी, चाळीस वर्षांपूर्वीची. खाली नवऱ्याची सही, चार पंचांच्या सह्या. मावशीचा साधा अंगठाही नाही.

निराधार अनुदानासाठी ती एका कार्यालयात गेली होती. तिथे सांगितले, हा कागद चालत नाही, कोर्टाचा आणा. मावशी मला म्हणाली, "लेकरा, सरकारात कुठं तरी लिहिलंच असंल की. जन्माचं लिहितेत, मरणाचं लिहितेत. माझं मोडल्यालं तेवढं काढून दे."

आपल्यातले बरेच तरुण कार्यकर्ते अशा कामात पडतात. जातीचा दाखला, जमिनीचा फेरफार, वारसनोंद यांची वाट आपल्याला ठाऊक असते. पण गावाकडच्या बाईच्या घटस्फोटाची नोंद शोधायला बसलो की हात टेकतात. ही नोंद का सापडत नाही, याला इतिहास आहे. तो नीट पाहिला तर आपण अभिमानाने सांगतो त्या एका गोष्टीलाही तडा जातो. म्हणून हा लेख.

ग्रामपंचायतीत नसलेले रजिस्टर

ग्रामपंचायतीत जन्म, मृत्यू आणि विवाहाची नोंद होते. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याने विवाहनोंदणीची व्यवस्था घातली, गावपातळीवर ते काम ग्रामसेवकाकडे आले. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने सर्व धर्मांच्या विवाहांची नोंदणी सक्तीची करावी असे राज्यांना सांगितले. पण लग्न मोडल्याचे रजिस्टर ग्रामपंचायतीत नाही, तहसीलमध्ये नाही, जिल्हा परिषदेत नाही. हिंदू विवाह कायद्याखाली येणाऱ्या जोडप्याच्या घटस्फोटाचा पक्का कागद एकाच जागी तयार होतो, तो म्हणजे कोर्ट. जे कोर्टात गेलेच नाहीत, त्यांचा घटस्फोट सरकारदरबारी झालेलाच नसतो.

आणि गावातली बहुसंख्य मोडलेली लग्ने कोर्टात जात नाहीत. २०११ च्या जनगणनेत भारतात घटस्फोटित म्हणून नोंदलेली माणसे सुमारे १३.६ लाख होती. घटस्फोट न होता विभक्त राहणाऱ्यांची संख्या त्याच्या जवळपास तिप्पट होती. म्हणजे एका कागदवाल्यामागे तीन बिनकागदाचे. त्यांत बायका पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त, कारण पुरुष दुसरे लग्न करून पुन्हा 'विवाहित' या रकान्यात जाऊन बसतो. मराठीत या बाईला 'टाकलेली' म्हणतात. टाकलेल्या नवऱ्यासाठी मात्र आपल्या भाषेत शब्द नाही.

तीन शब्द

आपल्याकडे लग्न मोडण्याला तीन जुने शब्द आहेत, आणि त्या शब्दांतच नोंदीचा इतिहास आहे.

पहिला काडीमोड. पंचांसमोर काडी मोडायची, नाते तुटले. इथे कागद नाही. साक्ष माणसांची, आणि माणसे मेली की साक्ष गेली.

दुसरा फारकत. हा फारसीतून आलेल्या 'फारखती'चा मराठी अवतार. फारखती म्हणजे देणे फिटल्याचा, हक्क सोडल्याचा लेख. सावकाराचे कर्ज फिटले की फारखती, भावाभावांची वाटणी झाली की फारकत, आणि बायको सोडली की तीही फारकतच. बाईचे नाते व्यवहाराच्या भाषेत मोजले जात होते, हे या शब्दातच दिसते.

तिसरा सोडचिठ्ठी. सोडणारा चिठ्ठी लिहितो, सुटणारी ती घेते. लिहिण्याचा अधिकार कुणाचा हे वेगळे सांगायला नको.

मराठेशाहीच्या दप्तरांत बाईच्या दुसऱ्या लग्नाचा उल्लेख येतो तो 'पाटदाम' या कराच्या रूपाने. पाट लावला की सरकारात पैसे भरायचे. नोंद झाली ती वसुलीची. ती बाई कोण, पहिले घर का सुटले, कोणत्या अटीवर सुटले, हे लिहिण्याची सरकारला गरज वाटली नाही. आजही पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी वाचणारा माणूस या वाटेने गेला तर त्याला आधी पैशाचा आकडा सापडेल, बाई नंतर, सापडली तर.

साहेबांनी लिहून घेतले, पण कुणाकडून?

पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनच्या काळात आर्थर स्टील या अधिकाऱ्याने दख्खनमधल्या जातींचे कायदे आणि रूढी गोळा केल्या. ते पुस्तक १८२७ साली छापले गेले. लग्न, काडीमोड, पाट यांबद्दल जातीजातींचे रिवाज त्यात आहेत. पुढे १८८४ साली मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सोलापूर जिल्ह्याचा विसावा खंड आला. त्यात जिल्ह्यातल्या जातींची वर्णने आहेत, आणि विधवेचे पुन्हा लग्न चालते की नाही हेही जातवार सांगितले आहे.

आपले काही अभ्यासक ही पुस्तके पुढे करून म्हणतात, बघा, ब्राह्मणांच्या बाईला सुटका नव्हती, आमच्या बहुजन आणि अस्पृश्य जातींत मात्र होती. हे खोटे नाही. शेतात राबणाऱ्या बाईला घरात कोंडून ठेवणे गरीब जातींना परवडणारे नव्हते. पाट होता, काडीमोड होती.

पण प्रश्न विचारा की स्टीलला ही माहिती कुणी दिली? जातीच्या प्रमुखांनी आणि शास्त्र्यांनी. म्हणजे पुरुषांनी. 'जातीत काडीमोड चालते' या वाक्यात कर्ता कोण आहे? ती कुणी मागायची, कुणी द्यायची, मूल कुणाकडे राहायचे, अंगावरचा डाग कुणाचा, नव्या नवऱ्याने जुन्या नवऱ्याला लग्नाचा खर्च परत द्यायचा का? या सगळ्याचा निवाडा पंचांच्या हातात होता आणि पंचांत बाई बसत नव्हती. तिला सुटका मिळत होती हे खरे. पण सुटका मिळणे आणि सुटकेचा हक्क असणे यांत फरक आहे.

इंग्रजी कोर्टाने काय केले

इंग्रजी राज्याने बाईला न्याय दिला असे सरसकट सांगितले जाते. घटस्फोटाच्या बाबतीत गोष्ट उलटी आहे.

१८६० साली भारतीय दंड संहिता झाली आणि नवरा हयात असताना दुसरे लग्न करणारी बाई गुन्हेगार ठरू लागली. पुरुषाला कितीही बायका करायला मोकळीक होती, कारण हिंदू पुरुषाचे दुसरे लग्न कायद्याने वैधच होते. १८६४ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे गुजरातेतले एक प्रकरण आले. नवऱ्याची संमती नसताना बाईने त्याला सोडून दुसरे घर करावे, अशी तिच्या जातीत रूढी होती. न्यायालयाने ती रूढी मानली नाही. १८७६ साली त्याच न्यायालयाने आणखी स्पष्ट केले की लग्न रद्द ठरवण्याचा आणि बाईला दुसऱ्या लग्नाची परवानगी देण्याचा जातीचा अधिकार कोर्ट मान्य करणार नाही.

सोलापूर जिल्हा याच न्यायालयाच्या अखत्यारीत होता. गावातल्या बाईवर याचा परिणाम काय? नवऱ्याने स्वतः सोडले तर ती सुटली. पंचांनी सोडवले आणि नवरा अडून बसला तर तिच्यावर खटला. ज्या जातींत बाईला थोडी जागा होती, तिथेही किल्ली नवऱ्याच्या हातात गेली. सोडचिठ्ठीचे महत्त्व वाढले ते इथून. नवऱ्याची संमती दाखवणारा तोच एक पुरावा उरला.

याच काळातले रखमाबाईचे प्रकरण आपण वाचलेले असते. सुतार समाजातली ही मुलगी. लहानपणी झालेले लग्न तिने नाकारले. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्हे यांनी तिच्या बाजूने निकाल दिला, अपिलात तो फिरला, १८८७ साली नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा असा हुकूम झाला, आणि १८८८ साली पैसे देऊन तडजोड झाली. ती शिकलेली होती, मुंबईत होती, वर्तमानपत्रात लिहीत होती, म्हणून तिचा कागद राहिला. माढ्याच्या किंवा सांगोल्याच्या कुठल्या बाईने हेच 'नाही' म्हटले असेल, तर ती कुठल्या कागदात शोधायची?

याच सोलापुरात सरकार माणसांच्या नोंदी ठेवत नव्हते असे नाही. ज्यांना गुन्हेगार जमाती ठरवले त्या कैकाडी, पारधी, टकारी कुटुंबांसाठी इथे तारेच्या कुंपणाची सेटलमेंट होती. तिथे माणसांची रोज हजेरी लागत होती. तो कायदा संपेपर्यंत कोण कुठे झोपला हे सरकारला ठाऊक असायचे. सत्तेला ज्याची भीती वाटते त्याची ती नोंद ठेवते. टाकलेल्या बाईची भीती कुणालाच वाटत नव्हती.

बाबासाहेबांनी नेमके काय मागितले

सुधारणेचे पहिले कायदे संस्थानांत झाले. १९१९ साली शाहू महाराजांनी कोल्हापुरात आंतरजातीय विवाह, घटस्फोट आणि स्त्रियांचा छळ यांविषयी कायदे केले. १९३१ साली बडोद्यात हिंदू घटस्फोटाचा कायदा झाला. मुंबई प्रांतात १९४६ साली हिंदू पुरुषाच्या दुसऱ्या लग्नाला बंदी आली आणि १९४७ साली मुंबई हिंदू घटस्फोट कायदा झाला. सोलापूरच्या हिंदू बाईला कोर्टात जाऊन घटस्फोट मागण्याचा रस्ता पहिल्यांदा उघडला तो इथे.

तोही साऱ्या जिल्ह्यात नाही. आजच्या जिल्ह्यातले अक्कलकोट तेव्हा स्वतंत्र संस्थान होते आणि मंगळवेढे सांगली संस्थानात होते. ती १९४८ साली विलीन झाली. एकाच आजच्या जिल्ह्यात शेजारशेजारच्या गावांतल्या दोन बायकांना दोन वेगळे कायदे होते. जुनी नोंद शोधणाऱ्याने हे पहिल्यांदा ध्यानात घ्यावे.

मग हिंदू कोड बिल. विरोधक ओरडत होते की घटस्फोटाने हिंदू संस्कृती बुडेल. बाबासाहेबांनी सभागृहात दाखवून दिले की हिंदूंतले फार मोठे बहुसंख्य शूद्र आहेत आणि त्यांच्यात घटस्फोट रूढीने चालतच आला आहे. मग बुडणार आहे ते कुणाचे? मूठभर वरच्या जातींचा रिवाज साऱ्या देशाचा धर्म म्हणून का लादायचा?

हा युक्तिवाद आपण भाषणात वापरतो, पण अर्धाच. उरलेला अर्धा बाबासाहेबांच्या १९५१ च्या लेखात आहे, हिंदू स्त्रीची उन्नती आणि अवनती या विषयावरच्या. मनूने बाईला नवऱ्यापासून कधीच मोकळे होऊ दिले नाही, विकली तरी नाही आणि टाकली तरी नाही, हे ते तिथे मांडतात. त्यांचे म्हणणे असे की मनूला लग्नाचे पावित्र्य राखायचे नव्हतेच. त्याला बाईला बांधायचे होते आणि पुरुषाला मोकळे ठेवायचे होते.

आता हा निकष आपल्या गावच्या सोडचिठ्ठीला लावा. लिहिणारा पुरुष, साक्षीदार पुरुष, कागद ठेवणारा पुरुष. तो दुसऱ्या महिन्यात नवरदेव. ती चाळीस वर्षे माहेरच्या पडवीत. बांधलेली कोण आणि मोकळा कोण?

बाबासाहेबांना फक्त 'घटस्फोट असावा' एवढेच म्हणायचे असते तर रूढी होतीच. त्यांना तो कायद्यात हवा होता, सर्वांना सारखा, बाईला स्वतः मागता येईल असा, कारणांसह आणि न्यायालयाच्या हुकमासह. पंचांच्या मर्जीतून काढून नागरिकाच्या हक्कात. सप्टेंबर १९५१ मध्ये बिलाचा विवाह आणि घटस्फोटाचाच भाग पुढे रेटला जात होता. चार कलमे मंजूर झाल्यावर तेही गुंडाळले गेले, आणि बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला.

१९५५ चा कायदा आणि त्यातली फट

१८ मे १९५५ रोजी हिंदू विवाह कायदा लागू झाला. बौद्धांनाही तो लागू आहे. त्यात घटस्फोट आला, पण दोन गोष्टी राहिल्या.

एक, नवऱ्याने टाकले किंवा छळले एवढ्या कारणावर थेट घटस्फोट मिळत नव्हता. आधी कोर्टाकडून विभक्त राहण्याचा हुकूम घ्यायचा, मग पुढची वाट. ही कारणे थेट घटस्फोटाची कारणे झाली ती १९७६ च्या दुरुस्तीने. परस्पर संमतीचे १३ ब कलमही तेव्हाच आले. म्हणजे पहिली एकवीस वर्षे टाकलेल्या बाईला कोर्टाचा दरवाजा अर्धाच उघडा होता. ती पंचांकडे गेली यात तिचा दोष नाही.

दोन, कलम २९ चे दुसरे उपकलम. रूढीने मान्य असलेला घटस्फोट या कायद्याने हिरावला जाणार नाही, असे ते सांगते. गावातली स्टॅम्पवरची सोडचिठ्ठी आजपर्यंत याच फटीतून जगली आहे. पण ती आपोआप वैध ठरत नाही. अशी रूढी जुनी आहे, अखंड चालत आली आहे, हे दावा करणाऱ्याने सांगावे लागते आणि सिद्ध करावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली हे स्पष्ट केले आहे. तहसीलबाहेरच्या टायपिंगवाल्याकडून शंभराच्या किंवा पाचशेच्या स्टॅम्पवर लिहून घेतले आणि नोटरीचा शिक्का मारला म्हणजे घटस्फोट होत नाही.

याचा फटका दोन बायकांना बसतो. पहिली कायद्याने अजून बायको, पण हातात काही नाही. दुसरी मांडवात बसून लग्न झालेली, पण पहिले लग्न मोडल्याचे सिद्ध झाले नाही तर तिचे लग्नच रद्दबातल. मुलांना कायदा औरस मानतो, तिला बायको मानत नाही. एका पुरुषाच्या एका कागदाने दोन बायका उघड्या पडतात.

आपल्या आरशात

आता जे लिहितो ते आपल्यासाठी आहे. १९५६ नंतर आपण जात सोडली. लग्ने बौद्ध पद्धतीने लावतो, बाबासाहेबांची तसबीर ठेवतो, संस्थेचे विवाह प्रमाणपत्र घेतो. आणि लग्न मोडायची वेळ आली की कुठे जातो? चार वडीलधारी, एक स्टॅम्प पेपर आणि 'आमच्यात पूर्वीपासून अशीच पद्धत आहे' हे वाक्य.

कुठल्या 'आमच्यात'? जी जात आपण नागपूरला टाकून दिली तिच्यात? लग्न लावताना बौद्ध आणि मोडताना जातीची रूढी, हे कसे चालेल? बाबासाहेबांनी धम्म दिला, संविधान दिले, आणि आपण बाईच्या आयुष्याचा सर्वात कठीण दिवस पुन्हा चावडीवर नेऊन ठेवतो.

कुणी म्हणेल, कोर्टात वर्षे जातात, वकील पैसे खातो, बाईची अब्रू चव्हाट्यावर येते, त्यापेक्षा घरात मिटलेले बरे. या हरकतीत तथ्य आहे, म्हणून उत्तरही नीट दिले पाहिजे. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा आहे. त्याखाली कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. जिल्हा कोर्टात आणि तालुका कोर्टात त्याची समिती असते. दोघांची संमती असेल आणि वर्षभर वेगळे राहत असतील तर १३ ब चा अर्ज पुरतो. त्यातली सहा महिन्यांची वाट योग्य प्रकरणात माफ करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली म्हटले आहे. आणि अब्रूचे म्हणाल तर कायद्याच्या कलम २२ प्रमाणे ही सुनावणी बंद दाराआड होते, तिचा मजकूर छापता येत नाही. चव्हाटा कोर्टात नाही. चव्हाटा तर पंचांच्या बैठकीत असतो, जिथे अख्खा गाव ऐकत असतो.

मिटवायचे असेल तर जरूर मिटवा. पण मिटले ते १३ ब खाली कोर्टात लिहून घ्या. त्यावर तिची सही, तिची पोटगी, तिचे स्त्रीधन, मुलांचा ताबा, सगळे येऊ द्या.

नोंद शोधायची कशी

ज्यांना आज एखाद्या बाईसाठी नोंद शोधायची आहे, त्यांनी या क्रमाने जावे.

पहिले, ठिकाण ठरवा. लग्न कुठे लागले, दोघे शेवटी एकत्र कुठे राहिले, समोरचा माणूस कुठे राहतो, या तीनपैकी एका जागेच्या कोर्टात प्रकरण असते. २००३ च्या दुरुस्तीनंतर बायको स्वतः राहते तिथेही दाखल करता येते. सोलापूर शहरात कौटुंबिक न्यायालय आहे. बार्शी, पंढरपूर अशा ठिकाणी वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायालयात हिंदू विवाह याचिका चालतात. आपल्या गावासाठी कोणते कोर्ट, हे आधी तालुक्याच्या कोर्टात विचारा.

दुसरे, नावे. माहेरचे नाव, सासरचे नाव, लग्नात बदललेले नाव, आणि प्रत्येकाचे दोन-तीन प्रकारचे लेखन. अलीकडचे प्रकरण ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने आणि वर्षाने शोधता येते, सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक मिळाला की काम सोपे. जुन्यासाठी कोर्टाचे रजिस्टर आणि रेकॉर्ड रूम. जुन्या प्रकरणातले अर्ज, समन्स, पुरावे मुदतीनंतर नष्ट करतात, निकाल आणि हुकूमनामा जास्त काळ टिकतो. नकलेसाठी बाईने स्वतः अर्ज करावा, ती पक्षकार आहे. आपण परक्याने मागितले तर मिळेल या भ्रमात राहू नये, आणि तसे ते मिळूही नये.

तिसरे, घटस्फोट सापडला नाही तर पोटगी शोधा. १९७३ च्या फौजदारी संहितेचे कलम १२५, त्याआधीच्या १८९८ च्या संहितेचे ४८८, आणि १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेचे १४४. कौटुंबिक न्यायालय नसेल तिथे ही प्रकरणे फौजदारी न्यायालयात असतात, दिवाणीच्या रजिस्टरमध्ये नाहीत. नवऱ्याने टाकल्याचा हा सर्वात भक्कम सरकारी पुरावा. पण पोटगीचा हुकूम म्हणजे घटस्फोट नव्हे, हे बाईला समजावून सांगा.

चौथे, दुय्यम निबंधक कार्यालय. काही सोडचिठ्ठ्या पूर्वी नोंदवल्या गेल्या. त्या चौथ्या क्रमांकाच्या पुस्तकात जातात. जमिनीच्या दस्तासारखे ते पुस्तक सर्वांना खुले नसते. ज्याने लिहून दिले किंवा ज्याचा त्यात हक्क आहे त्यालाच नक्कल मिळते.

पाचवे, महसुली आणि शाळेची दप्तरे. नवऱ्याच्या मृत्यूनंतरची वारसनोंद, गाव नमुना सहाचा फेरफार, मुलांच्या शाळेतले जनरल रजिस्टर. दुसऱ्या बायकोचे नाव कोणत्या साली पहिल्यांदा दिसते, यावरून काळ ठरतो. जुने कागद मोडीत असतील. मोडी शिका, आपल्या पोरापोरींनी शिकलीच पाहिजे. आपल्या आजीचा कागद दुसऱ्याने वाचून दाखवावा ही वेळ येऊ नये.

सहावे, कोर्टाचा कागद नसेलच तर बाईला 'घटस्फोटित' म्हणवून अडकवू नका. संजय गांधी निराधार योजनेत काय किंवा २०२४ च्या लाडकी बहीण योजनेत काय, परित्यक्ता हा वेगळा वर्ग आहे. त्याच्या दाखल्याची वाट वेगळी आहे. हा वर्ग सरकारला आपोआप सुचलेला नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस सांगली जिल्ह्यात इंदुताई पाटणकर आणि त्यांच्यासोबतच्या बायकांनी, संगमनेरला निशा शिवूरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाकलेल्या बायकांचा प्रश्न रस्त्यावर आणला. स्वतःच्या नावाचे रेशनकार्ड मागितले. आज रकाना आहे तो त्या लढ्यामुळे.

मनात आणले तर

सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. कुणबी नोंदी शोधण्यासाठी कोतवाल बुक, जन्ममृत्यूचे नमुने, शाळांची रजिस्टरे, मोडीतली दप्तरे राज्यभर उघडली गेली. आरक्षणाच्या वादात मी इथे शिरत नाही. मला एवढेच दिसते की सरकारने मनात आणले तर शंभर वर्षांपूर्वीची एक ओळ शोधायला सारी यंत्रणा कामाला लागते. जातीची ओळ असेल तर. टाकलेल्या बाईच्या ओळीसाठी कुठल्याही जिल्ह्यात एक कपाट उघडले गेलेले नाही.

म्हणून आपली मागणी असली पाहिजे की कोर्टाने घटस्फोटाचा हुकूम दिला की त्याची नोंद विवाहनोंदणीच्या पुस्तकात त्याच पानावर व्हावी. लग्नाची नोंद ठेवणाऱ्या ग्रामपंचायतीने मोडल्याची नोंदही ठेवावी, आणि तिचा उतारा बाईला मिळावा. आणि आपल्यापुरता नियम आजपासून करावा. आपल्या विहारात, आपल्या मंडळात, आपल्या घरात एकही सोडचिठ्ठी स्टॅम्पवर लिहिली जाणार नाही. कुणी साक्षीदार म्हणून बोलावले तर सही करायची नाही. त्या दोघांना घेऊन विधी सेवा समितीत जायचे.

मावशीचे काय झाले ते सांगतो. घटस्फोटाची नोंद मिळाली नाही, कारण ती कधी झालीच नव्हती. पण बोलता बोलता तिला आठवले की भाऊ एकदा कोर्टात घेऊन गेला होता. जुन्या रजिस्टरमध्ये दोन दिवस बसल्यावर पोटगीच्या अर्जाची एक ओळ सापडली. कागदपत्रे केव्हाच नष्ट झालेली, ओळ तेवढी शिल्लक. तिच्या आधारावर परित्यक्ता म्हणून तिचा अर्ज पुन्हा भरला आहे, निकाल यायचा आहे.

मी तिला ती ओळ वाचून दाखवली. सोडचिठ्ठीत तिचे नाव मधे कुठेतरी होते, सोडलेली म्हणून. इथे ते पहिले होते, अर्जदार म्हणून. तिने विचारले, "म्हंजे मी मागितलं हुतं, असं लिव्हलंय?"

हो मावशी. तसेच लिहिले आहे.

जय भीम.